घोड्याच्या तोंडातले लोखंड

घोड्याच्या जबड्यात पुढचे दात आणि दाढा यांच्या मध्ये काही बोटे रुंदीची एक मोकळी जागा असते. तेथे हाडाच्या अरुंद कडेवर हिरडीचे पातळ आवरण तेवढे आहे. नराला या जागेत सुळे येतात, तरीही पुरेशी फट उरतेच. चरणाऱ्या प्राण्यांच्या तोंडात अशी फट असणे हे काही नवल नव्हे; गाईला आणि हरणालाही ती असते. परंतु घोड्याच्या बाबतीत माणसाचे बोट केव्हातरी या जागी पोहोचले आणि तेथे काही ठेवले तर हा प्राणी ते चावून तोडू शकत नाही, थुंकून टाकू शकत नाही, हे त्याच्या ध्यानात आले. पुढची तीन-चार हजार वर्षे साम्राज्ये, टपाल, शेती, युद्धे आणि शर्यती यांचा केवढा तरी भार त्या रिकाम्या जागेवर पडला आहे.

प्रारंभी दोरी किंवा चामड्याची वादी असावी. ती मातीत टिकत नाही; म्हणून पुरातत्त्वज्ञ घोड्याच्या खालच्या पहिल्या दाढेवरची झीज पाहतात आणि तिच्यावरून लगाम होता की नव्हता याचा वाद घालतात. कझाकस्तानातील बोताई येथील घोड्यांविषयीचा असा वाद अजूनही शमलेला नाही. धातूचा लगाम मात्र नि:संदिग्ध पुरावा ठेवून जातो. इस्राएलमधील तेल हरोर येथे मध्य ब्राँझयुगातील एका दफनात गाढवाच्या तोंडात धातूचा लगाम मिळाला. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर नागपूरजवळ माहुरझरी येथे शां. भा. देव यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी केलेल्या उत्खननात महापाषाणीय शिळावर्तुळांतून घोड्याचे अवशेष, लोखंडी लगाम आणि घोड्याच्या चेहऱ्यावर बांधायचे तांब्याचे अलंकार बाहेर आले. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील विदर्भाच्या त्या अनाम लोकांनी आपल्या मृतांबरोबर घोडा पुरला, त्याचे कपाळ सजविले आणि त्याच्याबरोबर त्याच्या तोंडातले लोखंडही ठेवले. त्यांना यात विसंगती दिसली नसावी. जनावरावरचे प्रेम आणि त्याच्यावरचा ताबा या दोन गोष्टी एकाच मुठीत धरता येतात, हा मनुष्याचा जुनाच विश्वास आहे. आणि प्रस्तुत प्रश्नाचे मूळ तेथेच आहे.

प्रश्न दिसायला साधा आहे. घोड्याला सुखकर होईल आणि स्वाराचेही काम होईल असा लगाम कोणता? खोगीर शिवणारा, पागेतला साईस, शर्यतीच्या घोड्याला तयार करणारा शिक्षक, यांच्यापैकी प्रत्येकाला तो रोज सोडवावा लागतो आणि प्रत्येकजण तो आपापल्या अनुभवाने सोडवितो. पण ‘सुखकर’ आणि ‘परिणामकारक’ ही दोन विशेषणे एकमेकांशेजारी ठेवली की तेथे एक नैतिक पेच उभा राहतो. लगामाचा परिणाम जर त्याच्या दुखविण्याच्या शक्तीतून येत असेल, तर सुखकर लगाम ही वदतोव्याघाताची गोष्ट ठरते. आणि तो जर दुखविण्यातून येत नसेल, तर मग लोखंड तोंडात कशासाठी?

या पेचाची सगळी रूपे एका ठिकाणी पाहायची असतील तर कलकत्त्यासारखे शहर नाही. मराठी वाचकाला या शहराच्या आणि घोड्याच्या संबंधाची आठवण थोडी अवघड वाटेल, कारण तिचा आरंभ आपल्याच घोडदळापासून होतो. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सैन्य भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली बंगालवर उतरले. सरकारी घोड्यावर बसून लढणाऱ्या स्वाराला मराठी फौजेत बारगीर म्हणत आणि स्वत:चा घोडा आणणाऱ्याला शिलेदार. बंगाल्यांच्या तोंडी त्यातल्या बारगिराचा ‘बर्गी’ झाला आणि लेकरांना भीती घालून झोपविणाऱ्या अंगाईत तो कायमचा जाऊन बसला. इंग्रजांच्या वखारीच्या रक्षणासाठी कलकत्तेकरांनी खंदक खणावयास घेतला. तो पुरा झाला नाही. मराठे शहरापर्यंत आलेही नाहीत. १७५१च्या तहाने ओरिसाचा महसूल आणि बारा लाखांची चौथाई घेऊन ते प्रकरण मिटले. खंदक पुढे बुजवून त्यावर रस्ता झाला. बागबाजारातल्या एका गल्लीच्या नावात तो ‘मराठा डिच’ तेवढा उरला आहे. गंमत अशी की विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर त्याच शहरात, सखाराम गणेश देउस्कर या मराठी वंशाच्या बंगाली लेखकाच्या प्रयत्नाने शिवाजी उत्सव साजरा होऊ लागला. घोड्यावरचा स्वार तोच. पाहणाऱ्याची जागा बदलली.

पुढच्या शतकात कलकत्ता हे घोड्यांचे मोठे बंदरच बनले. ऑस्ट्रेलियातून आलेले ‘वेलर’ जातीचे घोडे येथे उतरत आणि येथून लष्कराच्या छावण्यांत जात. १८४०पासून घोडेस्वार पोलीस आहेत. मैदानावर शर्यती आल्या. २४ फेब्रुवारी १८७३ रोजी सियालदहपासून आर्मेनियन घाटापर्यंत घोड्यांची ट्राम धावली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बंद पडली. १८८०मध्ये ती नव्या कंपनीने पुन्हा सुरू केली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या कंपनीजवळ सुमारे हजार घोडे होते. १९०२ साली विजेवरची ट्राम आली आणि त्यांची गरज संपली. बंगालच्या उन्हाळ्यात, रुळांवरून, दर थांब्याला थांबून पुन्हा भरलेला डबा ओढून काढायचा या कामात त्या हजार तोंडांचे काय झाले असेल याची कल्पना करणे फारसे कठीण नाही.

याच शहरात १८६१मध्ये कोल्सवर्दी ग्रँट या चित्रकाराने प्राण्यांशी होणाऱ्या क्रूरतेला आळा घालण्यासाठी संस्था स्थापन केली. आशियातील अशा संस्थांत ती पहिली मानली जाते. ग्रँटच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभ रायटर्स बिल्डिंगच्या समोर आहे. १८५७चे रक्त अद्याप पुरते सुकलेले नसताना राज्यकर्त्यांच्या समाजाला बैलांच्या खांद्यावरील जखमा दिसू लागल्या, या योगायोगाकडे उपहासाने पाहण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. माणसांविषयी अन्यायी असलेला समाज जनावरांविषयी खरोखर कनवाळू असू शकतो. त्याच्या एका अपराधाने दुसरी करुणा खोटी ठरत नाही. मात्र एवढे म्हणता येईल, की सत्ता सौम्य झाली म्हणजे ती सत्ता राहिली नाही, अशी समजूत करून घेण्याची सवय त्या काळाला फार होती. घोड्याच्या लगामाविषयी विचार करताना ती सवय ओळखून दूर ठेवावी लागते.

व्हिक्टोरिया मेमोरियलच्या आवारात सर जेम्स आउट्रॅमचा अश्वारूढ पुतळा आहे. जॉन हेन्री फोली या शिल्पकाराने घडविलेला हा पुतळा १८७४ साली चौरंगीवर बसविला गेला आणि नंतर येथे हलविला गेला. भरधाव जाणारा सेनानी एकाएकी मागे वळून पाहतो आणि त्याच क्षणी लगाम खेचतो, असा तो प्रसंग आहे. पाहणाऱ्याची दृष्टी साहजिकच त्या वळलेल्या धडाकडे जाते. पण पुतळ्यातला सारा ताण ज्या बिंदूतून जन्मतो तो बिंदू घोड्याच्या तोंडात आहे. स्वाराचे लक्ष मागे आहे आणि त्याचा हात पुढे काय करतो आहे हे त्याला ठाऊकही नाही. फोलीला हे अभिप्रेत असो वा नसो, लगामाची सर्व नीती त्या ब्राँझमध्ये आली आहे. घोड्याला जे दु:ख होते ते बहुतांशी दुष्टपणातून येत नाही; दुसरीकडे पाहणाऱ्या माणसाच्या हातातून ते येते.

आता त्या लोखंडाकडेच वळावे. लगामांचे प्रकार पुष्कळ असले तरी त्यांची कुळे मुख्यत: दोन. पहिले स्नॅफलचे: तोंडात आडवी दांडी, दोन्ही टोकांना कड्या, कड्यांना थेट लगामाचे पट्टे. हात जेवढा खेचेल तेवढाच दाब जिभेवर, ओठांच्या कोपऱ्यांवर आणि हिरडीच्या त्या कडेवर येतो. दुसरे कुळ कर्बचे. यात दांडीच्या दोन्ही बाजूंना खाली उतरणारे दांडे असतात आणि हनुवटीखालून साखळी जाते. पट्टा दांड्याच्या खालच्या टोकाला बांधलेला असल्यामुळे तरफेच्या न्यायाने हाताची ओढ तोंडात वाढून पोहोचते आणि जबडा दांडी व साखळी यांच्या चिमट्यात सापडतो. स्नॅफलची दांडी मधोमध जोडलेली असेल तर खेचल्यावर ती दुमडते. दोन सांध्यांची आणि मध्ये लहानसा गोल तुकडा असलेली दांडी जिभेवर अधिक सारखी बसते. सरळ किंवा किंचित वाकविलेली अखंड दांडी काही घोड्यांना सर्वांत मानवते. कर्ब हा मुळातच निर्दय असे नाही. शिकलेल्या घोड्यावर, शिकलेल्या हातात, तो करंगळीच्या हालचालीने बोलतो. आणि स्नॅफल मुळातच दयाळू असेही नाही.

जाड दांडी सौम्य आणि बारीक दांडी कठोर, हा पागेतला जुना नियम. त्यात तथ्य आहे, कारण तोच दाब रुंद जागेवर विभागला की कमी बोचतो. परंतु हिलरी क्लेटन यांच्यासारख्या संशोधकांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने घोड्याच्या तोंडात लगाम नेमका कसा राहतो आणि हलतो हे पाहिले, तेव्हापासून ही समजूत थोडी सैल झाली आहे. मिटलेल्या तोंडात जीभ आणि टाळू यांच्यामध्ये जागाच फार थोडी असते. ज्या घोड्याची जीभ मांसल आणि टाळू सखल आहे त्याच्या तोंडात दयाबुद्धीने घातलेली जाड दांडी म्हणजे चोवीस तास अडकलेला घास. म्हणून जाणता माणूस आधी तोंड उघडून पाहतो: टाळू किती उंच, जीभ किती जाड, दाढांच्या कडा कानशीने घासायला झाल्या आहेत काय, दाढेपुढे तो निरुपयोगी बारका दात उगवला आहे काय. मग रुंदी. दांडी ओठांच्या बाहेर दोन्हीकडे किंचित डोकावली पाहिजे; आखूड असेल तर ओठ चिमटतात, लांब असेल तर ती एका बाजूला सरकते आणि तिचा सांधा नको तेथे टोचतो. साखळी असेल तर तिच्याखाली दोन बोटे सहज गेली पाहिजेत.

हे सारे शिकण्यासारखे आहे. परंतु ध्यानात घेण्याची गोष्ट अशी, की यातील एकही माप सर्व घोड्यांना लागू नाही. सुखकर लगाम म्हणजे एका विशिष्ट तोंडाला सुखकर असा लगाम. सामान्य दयेला येथे फारसा वाव नाही. दयेला तोंडात बोट घालून मोजमाप घ्यावे लागते. नीतिविचारात आपण व्यापक तत्त्वांना जेवढे मोठे स्थान देतो तेवढे या हलक्याफुलक्या, ओल्या, लाळेने माखलेल्या विशिष्ट ज्ञानाला देत नाही. ते द्यायला हवे.

ग्रीक सेनानी आणि लेखक झेनोफन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अश्वविद्येवर एक लहानसा ग्रंथ लिहिला. त्यात दोन लगाम बाळगावेत असे तो सांगतो, एक गुळगुळीत आणि एक काटेरी. काटेरी लगामाने घोड्याला दांडी दातांत धरून बसण्याची खोड लागत नाही आणि नंतर गुळगुळीत लगाम आला की त्याला बरे वाटते, असा त्याचा हिशेब. म्हणजे सुख हे आधीच्या दु:खाच्या तुलनेत मोजायचे! राज्यकर्त्यांना ही युक्ती फार पूर्वीपासून अवगत आहे. तरी याच झेनोफनने त्याच ग्रंथात असेही म्हटले आहे, की जबरदस्तीने करून घेतलेल्या गोष्टीत घोड्याला समज नसते आणि सौंदर्यही नसते, जसे चाबकाने नाचविलेल्या नर्तकाच्या नाचात नसते. दोन्ही विधाने एका माणसाची आहेत. त्यांतले एक खरे आणि एक खोटे असे करून सुटका होत नाही. अनुभवी माणसाला दोन्ही गोष्टी दिसलेल्या असतात आणि त्यांची सांगड त्याला घालता आलेली नसते, एवढाच त्याचा अर्थ.

भारतीय परंपरेत हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. अंगुत्तरनिकायात केशी नावाच्या अश्वशिक्षकाचे सुत्त आहे. घोड्यांना कसे शिकवितोस, असे बुद्धाने विचारल्यावर तो सांगतो: काहींना मृदुपणाने, काहींना कठोरपणाने, काहींना दोन्हींनी. आणि कशानेच शिकला नाही तर? तर आपल्या आचार्यकुलाला काळिमा लागू नये म्हणून त्याला मारून टाकतो. बुद्धाचेही उत्तर मग तसेच येते: आपणही माणसांना तिन्ही प्रकारांनी शिकवितो आणि जो शिकत नाही त्याला मारतो. केशी चकित होतो. तेव्हा खुलासा होतो, की ज्याला सांगण्यासारखा, उपदेश करण्यासारखा मानणेच सोडून द्यावे लागते, तो आर्यांच्या दृष्टीने मारला गेलाच. या संवादातील कोमलता आणि भयानकता यांची मिसळण विलक्षण आहे. पाली वाङ्मयाची कवाडे मराठी वाचकाला उघडून देणारे धर्मानंद कोसंबी १९०६च्या सुमारास कलकत्त्यात पाली शिकवीत होते. कलकत्त्याच्या त्या दिवसांत खिडकीखालून घोडागाड्या जात असणार, हे ते सुत्त वाचताना उगीच मनात येते. केशीच्या यादीतला तिसरा प्रकार, दोन्हींनी, हाच व्यवहारात बहुतेकांचा मार्ग असतो. पण बुद्धाचा शेवटचा खुलासा घोड्यांकडे वळविला तर लगामाच्या निवडीला एक अनपेक्षित कसोटी मिळते. हे लोखंड वापरताना माणूस घोड्याला काही सांगतो आहे, की त्याला सांगण्यासारखा मानणेच त्याने सोडून दिले आहे?

कठोपनिषदातील रथाचे रूपक सर्वांच्या परिचयाचे आहे. शरीर हा रथ, बुद्धी सारथी, इंद्रिये घोडे आणि मन हा लगाम. या रूपकाचा उपयोग इंद्रियांना आवळण्याच्या उपदेशासाठी इतका झाला, की मूळ मांडणीतील एक बारकावा नजरेआड गेला. घोडे दुष्ट का होतात? सारथ्याला विवेक नसतो म्हणून, असे उपनिषद सांगते. विवेकी सारथ्याचे घोडे चांगले असतात. दोष घोड्यांत टाकलेला नाही. प्लेटोच्या ‘फीड्रस’मधील रथ याच्या जोडीला ठेवला तर फरक डोळ्यांत भरतो. तेथे एक घोडा जन्मत:च उर्मट आहे आणि सारथी त्याचा लगाम असा हिसडतो की जीभ व जबडा रक्ताने माखतात. वारंवार असे झाल्यावर तो भीतीने नरमतो. आपल्याकडील पुष्कळ साधकांनी नाव उपनिषदाचे घेतले आणि लगाम प्लेटोचा वापरला, असे म्हटले तर ते फार अन्यायाचे होणार नाही. कठोपनिषद ज्यांना अत्यंत प्रिय होते त्या विवेकानंदांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे, की सिमला मोहल्ल्यातल्या घरी बालपणी नरेंद्राला मोठेपणी गाडीवान व्हायचे होते. चाबूक फडकावीत उंच बसलेला वडिलांच्या गाडीचा गाडीवान त्याला सर्वांत थोर वाटे. रूपकांनाही कधी कधी तबेल्याचा वास असतो.

लगाम काम कसा करतो याविषयी आज पुष्कळ स्पष्टपणे बोलता येते. घोडा ओढीपासून शिकत नाही. ओढ सुटण्यापासून शिकतो. दाब आला, घोड्याने चार गोष्टी करून पाहिल्या, त्यांतल्या एकीसरशी दाब नाहीसा झाला. ती गोष्ट त्याने लक्षात ठेवली. म्हणजे शिकविणारा क्षण हा हात सैल होण्याचा क्षण आहे. जो हात वेळेवर सैल होत नाही त्याच्यापाशी घोड्याला शिकण्यासारखे काही उरत नाही. सहन करण्यासारखे तेवढे उरते. मग हिरडी बधिर होते, तोंड कठीण होते, आणि कठीण तोंडाच्या घोड्यासाठी बाजारात अधिक कठोर लगाम मिळतोच. तोही काही महिन्यांत अपुरा पडतो. बाहेरून पाहणाऱ्याला हा घोड्याचा हट्ट वाटतो. वस्तुत: ती माणसाच्या घाईची गोठलेली बेरीज असते.

यावरून ‘लगाम हातात असतो, लोखंडात नव्हे’ असे पागेत म्हणतात. म्हणणे खरे आहे, पण त्याचा उपयोग सबबीसारखाही होतो. हात चांगला असल्यावर लगाम कोणताही चालेल, असे म्हणणारा माणूस आपला हात प्रत्येक क्षणी चांगला राहील असे गृहीत धरतो. घोडा बुजतो, मागे फटाका वाजतो, स्वाराचा तोल जातो, आणि तोल सावरण्यासाठी माणूस जे हाताला येईल ते पकडतो. हाताला लगाम येतो. त्या एका क्षणी किती वेदना उपलब्ध असावी, याचा निर्णय सकाळी खुंटीवरून लगाम काढतानाच झालेला असतो. लगामाची निवड हा आपल्या सर्वांत वाईट क्षणाविषयी आगाऊ घेतलेला निर्णय आहे. माणूस आपल्या चांगुलपणावर जितका कमी विश्वास ठेवील तितका त्याचा घोडा सुरक्षित, असे थोडे विपरीत सत्य येथे दिसते.

आणि निर्णय चुकला हे घोडा सांगत नाही. ‘मुके जनावर’ हा मराठी शब्दप्रयोग करुणेतून आला, पण घोड्याच्या बाबतीत तो अक्षरश: लागू पडतो, कुत्रा केकाटतो, डुक्कर किंचाळते, घोडा तोंडाच्या वेदनेने ओरडत नाही. शिकार होणाऱ्या प्राण्याला दुबळेपण लपवावे लागते. त्याची भाषा शेपटीच्या फटकाऱ्यात, उघड्या जबड्यात, दांडीवरून बाहेर काढलेल्या जिभेत, ताठ झालेल्या कानांत असते. फिनलंडमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दुडक्या चालीच्या शर्यतीत धावून आलेल्या २६१ घोड्यांची तोंडे तपासली तेव्हा ८४ टक्क्यांच्या तोंडात लगामाच्या जागी ताज्या जखमा आढळल्या. हे घोडे मालकांना प्रिय होते, महाग होते, रोज खराऱ्याने घासले जात होते. एवढ्या देखरेखीत जी गोष्ट दिसली नाही ती दिसण्याची अपेक्षा व्हिक्टोरिया मेमोरियलसमोर जत्रेतल्यासारखी सजविलेली बग्गी हाकणाऱ्या गरीब गाडीवानाकडून एकट्याकडून करणे म्हणजे नीतीचे ओझे सोयीने खाली ढकलणे होय.

काटेरी लगाम हा या ठिकाणी प्रश्नाचा सर्वांत उघडा भाग. दांडीवर खिळ्यांसारखी टोके असलेला हा प्रकार लग्नाच्या वरातीतल्या आणि गाडीच्या घोड्यांच्या तोंडात देशातल्या अनेक शहरांत सापडतो. ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांसंबंधी केंद्र सरकारने १९६५ साली केलेल्या नियमांनी त्यावर स्पष्ट बंदी आहे. तरीही तो टिकला, कारण तो स्वस्त आहे. घोड्याला शिकवायला वेळ लागतो आणि त्या वेळात तो कमावीत नाही. काटे हा न दिलेल्या शिक्षणाचा पर्याय आहे. गाडीवानाला वेळ परवडत नाही, त्याची किंमत घोडा तोंडाने भरतो. याच शहरात १९१९च्या ज्या कायद्याखाली घोडागाडी येते त्याच कायद्याखाली माणसाने ओढायची रिक्षाही येते. रिक्षावाल्याच्या तोंडात काही घालावे लागत नाही. त्याचा लगाम पोटात असतो. त्याच्या नि घोड्याच्या स्थितीत भेद नाही असे कोणी म्हणणार नाही, पण घोड्यासाठी हळहळणाऱ्या प्रवाशाने रिक्षात बसताना तो भेद नेमका कोठे आहे हे स्वत:शी तपासून पाहण्यास हरकत नाही.

मुंबईत हा प्रश्न एका अर्थाने मुळापासून उखडला गेला. जून २०१५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेसाठी चालणाऱ्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवून त्या वर्षभरात बंद करण्यास सांगितले. लगाम कोणता हा प्रश्न सोडून गाडीच कशाला, हा प्रश्न न्यायालयापुढे आला, आणि गंमतीच्या सफरीसाठी त्याचे उत्तर कठीण नव्हते. जेथे घोड्याच्या कष्टाच्या दुसऱ्या बाजूला केवळ मौज आहे तेथे सुखकर लगामाची चर्चा ही बऱ्याचदा मौजेची सबब असते. परंतु सर्वच घोडे मौजेसाठी नाहीत. फुटबॉलच्या मोठ्या सामन्याच्या दिवशी मैदानाबाहेर उसळलेल्या गर्दीत घोडेस्वार पोलीस शिरतो तेव्हा त्याचा घोडा एका पावलात थांबला पाहिजे. तो थांबला नाही तर त्याच्या टापेखाली एखादे पोर येईल. येथे परिणामकारकतेच्या मागे तिसऱ्याच कोणाचा जीव आहे. लगामाविना केवळ नाकपट्टीने किंवा मोरखीने घोडा हाकावा, असा आग्रह रॉबर्ट कुक यांच्यासारख्या पशुवैद्यांनी धरला आहे, आणि शांत माळावर, जाणत्या घोड्यावर, तो पुष्कळ ठिकाणी यशस्वी होतो. नाकपट्टीही नाकाच्या नाजूक हाडावर दाब देऊनच बोलते, हे त्यातले अर्धवट सांगितले जाणारे सत्य. पोलिसाच्या घोड्याचे उत्तर याहून वेगळे असू शकते: सौम्य दांडी, पण तिच्यामागे महिनोन्‌महिने झालेले शिक्षण, गोंगाटाची सवय आणि एकच ओळखीचा स्वार. तेथे समाजाला त्या घोड्याची गरज आहे, म्हणून शिक्षणाचा खर्चही समाजानेच उचलायचा. गाडीवानाच्या घोड्याला हेच का मिळू नये, याला तत्त्वाचे उत्तर नाही, जमाखर्चाचेच आहे.

१९६५चे ते नियम वाचण्यासारखे आहेत. दिवसात नऊ तासांहून अधिक काम नको, पाच तासांहून अधिक सलग नको, पारा ३७ अंशांवर गेला असता दुपारी बारा ते तीन जुंपू नये, काटे नकोत. तास मोजता येतात, अंश मोजता येतात, काटे जप्त करता येतात. गुळगुळीत दांडीवरचा आडदांड हात मात्र कोणत्याही निरीक्षकाला जप्त करता येत नाही. ॲना स्यूएल या इंग्रज लेखिकेने १८७७ साली ‘ब्लॅक ब्यूटी’ लिहिली तेव्हा लगाम तोंडात पहिल्यांदा शिरतो तेव्हा कसे वाटते हे घोड्याच्या तोंडून वदविले, आणि मान उंच आवळून धरणाऱ्या पट्ट्याविरुद्ध इंग्लंडात जे लोकमत तयार झाले त्यात त्या पुस्तकाचा वाटा मोठा होता. कायद्याला जे अंतर तोडता आले नसते ते एका कादंबरीने थोडेसे तोडले. तिने वाचकाला गाडीच्या आसनावरून उचलून घोड्याच्या डोक्याच्या बाजूला नेले.

आसन आणि ते डोके यांत अंतर फारसे नसते, आठ-दहा पावलांचे. पण क्वीन्सवेवरच्या बग्गीत बसलेल्या प्रवाशाला समोर गाडीवानाची पाठ दिसते, पिसांचा तुरा दिसतो, दोन कान दिसतात. पलीकडे संगमरवरी घुमट उजळलेला असतो. घोड्याच्या ओठांचे कोपरे पाहायचे तर भाडे ठरविण्याच्या आधी पुढे जाऊन, खाली वाकून, गाडीवानाला तोंड दाखवायला सांगावे लागते. जाणता गाडीवान त्याला नकार देत नाही. अंगठा त्या मोकळ्या जागेत सरकवून तो जबडा उघडतो, जीभ बाजूला घेतो, आणि दांडी कुठे टेकते ते बोटाने दाखवितो.